हेही पाहा

वर्तक सरांनी केबिनच्या काचेवर टकटक केली आणि सरोजला आत यायची खूण केली. झालं! आता आपलं काही खरं नाही, हे तिला खुर्चीवरून उठतानाच कळून चुकलं.

"अगं, तोंड एवढंसं करून जाऊ नकोस," शेजारच्या टेबलावरून शकू कुजबुजली. "मी बघितलेलं सकाळी. अमेरिकेहून ई-मेल आलाय त्यांना. वाचून डोकं धरून बसलेले."

धीर देण्याची शकूची ही अशी पद्धत.

कंपनी खोपटला, एस.टी. डेपोसमोर, दुसऱ्या मजल्यावर. साल अठ्ठ्याण्णव. इंटरनेट ठाण्यात नुकतंच अवतरलं होतं आणि वर्तक सरांच्या कंपनीत वेब सर्व्हरची माहितीपुस्तकं तयार होत होती. वेब सर्व्हर म्हणजे जगभरातून मागणी येईल तसं पान वाढून देणारा कॉम्प्युटर. तो रेंगाळायला लागला की त्याला पळता कसा करायचा, ते या पुस्तकांत असायचं. पुस्तक इंग्रजी, आणि कागदावर नव्हे तर पडद्यावर वाचायचं. प्रत्येक पानाच्या तळाशी 'हेही पाहा' असं म्हणून निळी अक्षरं, म्हणजे दुवे. त्यांवर टिचकी मारली की त्या विषयाचं दुसरं पान उघडायचं.

पण लिहिणारी मंडळी मनस्वी. आज एक पान मोडायची, उद्या दोन पानं जोडायची, परवा तिसऱ्याचं नावच बदलायची. जुना दुवा बिचारा रिकाम्या घराची कडी वाजवत उभा. मग पडद्यावर यायचं, 'पान सापडलं नाही'. असे तुटलेले दुवे हुडकून सांधणं हे सरोजचं काम. नोकरी अजून कच्ची होती. "वाचणाऱ्याला 'पान सापडलं नाही' असं एकदा जरी दिसलं, तरी मला तुमची गरज नाही," असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. इकडे सरोजच्या आईनं, मालूबाईनं, अख्ख्या कोळसेवाडीत 'आमची सरोज कॉम्प्युटरात आहे' अशी दवंडी पिटली होती. पोर पक्की झाली की विहारात खीर वाटायचंही ती बोलून बसली होती.

घोळ झाला तो दोन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी. लेखकांनी मेमरीचं अख्खं प्रकरण संध्याकाळी उलटंपालटं केलं आणि आपापल्या घरी निघून गेले. प्रकरणातले सगळे दुवे एका फटक्यात मेले. नवी पानं कुठे ठेवलीत, हे सांगायला कोणी जागेवर नाही. सरोज वाढलेली कल्याणला, कोळसेवाडीतल्या चाळीत. तिथे पत्ता विचारत आलेल्या माणसाला 'माहीत नाही' असं कोणी म्हणत नाही. ते माणुसकीला धरून नाही. त्याला पहिल्या खोलीतल्या दगडाबाईकडे धाडतात. दगडाबाईलाही माहीत नसलं, तर ती निदान बसवून पाणी तरी देते. सरोजनं तेच केलं. मेलेला प्रत्येक दुवा तिनं पुस्तकाच्या पहिल्या पानाशी बांधून टाकला. सोमवारी येऊन नीट करू, तोवर 'सापडलं नाही' असं तरी दिसणार नाही.

सोमवारी आली, तर पुस्तकाची सीडी शनिवारीच कुरियरनं रवाना झालेली.

तेव्हापासून तिला डबा गोड लागत नव्हता. सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत. आणि आज काचेवर टकटक.

"बसा," सर म्हणाले. त्यांनी चष्मा नीट केला. "गिऱ्हाइकाचा इंजिनियर लिहितोय. मराठीत सांगतो, ऐका. 'आमचा सर्व्हर फार मंदावला होता, म्हणून तुमचं मेमरीचं प्रकरण उघडलं. तळाच्या दुव्यावर टिचकी मारली, तर पुस्तकाच्या पहिल्या पानावर येऊन आपटलो. दुसऱ्या दुव्यानं तेच केलं. तिसऱ्यानंही तेच.'"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सरोजला वाटलं.

"'भयंकर संताप आला. शेवटी चिडून ते पहिलं पान वाचून काढलं. त्यात लिहिलं होतं, बाकी काही करायच्या आधी, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव-गाव शोधत बसायची सर्व्हरची सवय बंद करा. आम्ही बंद केली. सर्व्हर पळायला लागला! वाचकाला पुन्हा पुन्हा मुळाशी आणून सोडायची ही युक्ती ज्याची असेल, त्याला आमचा सलाम.'" सरांनी मान वर केली. "दुवे तुमच्याकडे. म्हणजे युक्ती तुमचीच. पक्कं केल्याचं पत्र टाईप करायला सांगतोय मी."

वाढलेलं ताट समोर आलं होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. पण खोटं बोलून मिळवलेल्या नोकरीची खीर सरोजच्या घशाखाली उतरली नसती.

"सर, युक्ती नाही ती," ती म्हणाली. "चूक आहे. मला नवी पानं सापडलीच नाहीत. सोमवारी नीट करणार होते, तोवर सीडी गेलेली."

सर उठून खिडकीशी गेले आणि खाली डेपोकडे बघत उभे राहिले. पत्र गेलं, असं सरोजनं मनाशी म्हटलं. गंमत म्हणजे तिला जरा हलकंच वाटलं.

"ते पहिलं पान मी लिहितो," सर खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "दर पुस्तकाचं मीच लिहितो, जीव ओतून. ते कोणी वाचल्याचं आज पहिल्यांदा कळलं."

मग ते वळले. चेहरा पहिल्यासारखा कडक करायचा त्यांनी प्रयत्न केला, तो काही साधला नाही.

"पत्र उद्या मिळेल तुम्हाला. आणि आता जाऊन ते दुवे दुरुस्त करा."

सरोज दारापर्यंत पोचली, तेव्हा मागून हाक आली.

"पण सगळे नका करू हं!"