‘ही’ आणि ‘शी’

मिशनच्या दवाखान्यात शिबिराचा तिसरा दिवस. सकाळी नऊला सुधारानीने टेबल पुसले आणि दुभाषी म्हणून ती अमेरिकन डॉक्टरांशेजारी बसली. पहिल्या दोघी तपासून झाल्या; त्यांतल्या तुळसाच्या सुनेचे बाळ पाहून डॉक्टर “ही इज फाइन” म्हणाल्या होत्या. तिसरी धनलक्ष्मी, पाचवा महिना. सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहत डॉक्टर म्हणाल्या, “शी इज फाइन.”

“बाळ बरं आहे,” सुधारानीने सांगितले.

सासू बाणूबाई पुढे सरकली. “मघाशी तुळसाच्या सुनंला ‘ही’ म्हनल्या, हिला ‘शी’. ह्यात पोरगी कोनती, अक्का? पोरगी असंल तर आजच पाडायचं हाय. जीप भायेर उभी हाय.”

धनलक्ष्मीने डोळे मिटले.

“दोन्हीचा अर्थ बाळच, मावशी. पण डॉक्टर म्हणतात, हिला बाळंतपणापर्यंत इथंच ठेवावं लागेल.”

सुधारानीने भरतीच्या कागदावर नाव लिहिले. डॉक्टर असे काहीच बोलल्या नव्हत्या.