डाव्या बाजूचं दार

सयाजीच्या जुन्या पिकअपचं डावं दार नीट लागायचंच नाही. मंचरला कांदा घेऊन जाताना त्याची बायको साळू ते वाटभर ओढून धरून बसायची.

"अवं, तेवढं लॉक बसवून घ्या की."

"धर की गप. हात झिजत्यात व्हय तुझं?"

एका वळणावर साळूला डुलकी लागली. दार उघडलं, ती रस्त्यावर फेकली गेली आणि जागीच संपली.

तेरावा उरकताच सयाजीनं गाडी गॅरेजला लावली. सेंट्रल लॉक बसवलं, बटणावर वरखाली होणाऱ्या काचा बसवल्या आणि खोडदला मुलगी बघायला गेला.

 

रिमोट दाबून दाखवत मुलीच्या बापाला म्हणाला, "बघा पावणं, तुमच्या पोरीला दार धरून बसावं लागायचं न्हाई!"