ओळखीचा जंत

"थांबा! माझ्या वहिनीला सुई टोचायची नाही."

डॉ. मयुरीचा हात जागीच थांबला. खुर्चीत बसलेल्या दीपमालानं वर केलेली बाही धरून ठेवली होती. हत्तीपायावरच्या नव्या लशीची चाचणी होती आणि पहिली सुई तिलाच टोचायची होती. दारात एक तिशीपुढची बाई उभी होती, उन्हातून चालत आल्यासारखी, घामानं निथळत.

देवळीच्या अलीकडचं ते गाव. आरोग्य उपकेंद्राच्या व्हरांड्यात सतरंजीवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. या गावात एका घराआड एक सुजलेला पाय होता. त्यामुळं लस म्हटल्यावर कुणाला बोलवावं लागलं नव्हतं. आपापल्या पायांनी सगळे आले होते.

"सुरभी, तूच असं म्हनतं?" दीपमालाशेजारी बसलेली तिची सासू भागीरथाबाई म्हणाली. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली खांबासारखा सुजला होता. "म्या अर्धी जिंदगी हा पाय ओढून राह्यली. सुनेचं तरी टळन म्हनून तिले घेऊन आली. अन् तू आडवी येतं? काऊन?"

"आई, ऐकून तं घे."

लोक सुरभीकडं बघत होते, मग भागीरथाबाईकडं, मग पुन्हा सुरभीकडं. मयुरीला त्या बघण्याचा अर्थ लागेना. ती पुलगावची. लस बनवणाऱ्या कंपनीत लागून तिला फार दिवस झाले नव्हते.

कंपनीचे योगेंद्र साहेब पुढं झाले. "मॅडम, तुमची पत्रं वाचलीत आम्ही. सगळ्या परवानग्या आहेत. उंदरांवर लस उत्तम लागू पडली आहे."

"पडणारच. त्या उंदरांच्या अंगात हत्तीपायाचा हा जंत आधी कधी गेलाच नव्हता." सुरभी त्यांच्याकडं पाठ करून लोकांकडं वळली. "या लशीत जंताच्याच अंगातलं प्रथिन हाय. आपल्या गावात डास चावला नाई असा मानूस दाखवा मले. पाय सुजला नसला, तरी डासातून जंत अंगात येऊन गेला असते. अंग त्याले ओळखते. ओळखीचा चोर पुन्हा घरात दिसला तं घरचे नुसते सावध होत नाईत, हाती येईन ते घेऊन धावतात. तसं झालं तं अंगावर गांधी उठतीन, दम कोंडन. एखाद्याचा जीवबी जाईन."

"हे सगळं तुमच्या पत्रातलं, काचेच्या नळीत दिसलेलं," योगेंद्र साहेब हसले. "नळीतलं माणसात दिसेलच असं नाही."

"मग माणसात बघा. लस देण्याआधी प्रत्येकाच्या कातडीवर एक थेंब टाकून बघा. इतकंच मागतेय मी."

"त्यात महिने जातील."

"जाऊ देत." तिनं बाही वर केली आणि हात मयुरीपुढं धरला. "मी याच गावची. मला हत्तीपाय नाही. कुठला आजार नाही. करा सुरुवात माझ्यापासून."

मयुरीनं साहेबांकडं पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. "करा. काही होणार नाही. लोकांचीही खात्री पटेल."

मयुरीनं लस पातळ केली, सुरभीच्या मनगटाच्या वर एक थेंब ठेवला आणि सुईच्या टोकानं त्यातून अलगद टोचलं. शेजारी साध्या खारट पाण्याचा थेंब टोचला. प्रतिक्रिया आलीच तर द्यायचं इंजेक्शन तिनं भरून जवळ ठेवलं. मग सगळे वाट बघत बसले. सुरभी आपल्या हाताकडं टक लावून बघत होती. इतक्या हट्टानं भांडलेली ही बाई, पण तिचा चेहरा बघून मयुरीला वाटलं, हिला मनातून काहीच उठायला नको आहे.

आधी लाली आली. मग खाज. मग गांधीलमाशी चावावी तशी कातडी फुगून वर आली. खारट पाण्याची जागा कोरी होती. थोड्या वेळानं मानेवर दोन-तीन गांधी उठल्या. सुरभीनं खाकरून घसा मोकळा केला आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मयुरीनं क्षणाचाही उशीर न करता तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं आणि नाडी धरून बसली. श्वास नीट आहे याची खात्री होईपर्यंत तिनं नाडी सोडली नाही.

"हा एक थेंब," सुरभी हळू आवाजात म्हणाली. "तोही पातळ केलेला. पूर्ण लस दंडात गेली असती तर?"

दीपमालानं बाही खाली ओढली.

मयुरी उठली. लशीची भरलेली सिरिंज तिनं पेटीत परत ठेवली आणि झाकण लावलं. "सर, मी आज इथं कुणालाही लस देणार नाही."

"तुमच्या नोकरीचा विचार करा, डॉक्टर."

"केला."

योगेंद्र साहेबांचा चेहरा लाल झाला. ते लोकांकडं वळले, आवाज चढवून म्हणाले, "एकीच्या अंगावर गांध उठली म्हणून घाबरता? तिला वावडं असेल! ही कंपनीबाहेरची बाई. कामात अडथळे आणायची हिला सवय आहे. हिला या लशीतलं काय कळतं?"

भागीरथाबाईनं भिंतीचा आधार घेतला, सुजलेला पाय आधी टेकवला आणि ती सावकाश उभी राहिली. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तिनं साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं.

"साहेब, थे लस माह्या या पोरीनंच तं शोधली हाय."