ब्रेकचा दिवा

“तुम्ही मागताय म्हणून देतोय. दुसऱ्या कोणाला दिला नसता,” चौकशी अधिकारी म्हणाले आणि त्यांनी ट्रकचा मीटर तिच्याकडे सरकवला.

स्टिअरिंगमागची काळी पेटी. वेगाचा काटा, डिझेलचा काटा, खाली दिव्यांची रांग. काच तडकली होती, बाकी सगळं शाबूत. वायरिंगवालीने सही केली, पेटी पोत्यात गुंडाळली आणि थेट आपलं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान गाठलं.

त्या दिवशी उतारावर ट्रकचे ब्रेक लागले नव्हते. एका सायकलवाल्याला उडवून तो भिंतीवर आदळला होता. ब्रेकचं ऑइल गळून गेलं होतं. ऑइल कमी झालं की मीटरमध्ये लाल दिवा लागतो. ड्रायव्हर म्हणत होता, दिवा लागलाच नाही. पण ट्रक कंपनीच्या मेकॅनिकने मीटर जोडून दाखवला, तर दिवा ठणठणीत. म्हणजे ड्रायव्हरने दुर्लक्ष केलं. लायसन्स जाणार, कदाचित तुरुंगही होणार, हे ठरल्यात जमा होतं.

या मीटरचा टेस्टर बाजारात मिळत नव्हता. तिने तो स्वतःच बनवायला घेतला. एका फळीवर बॅटरी, चावीचा स्विच आणि वायरींचा गुंता. ट्रकमध्ये मीटरला जे जे कळतं ते सगळं इथे खोटं खोटं कळवायचं होतं. टाकीच्या जागी एक बटण, ते फिरवलं की डिझेलचा काटा चढावा. चाकाच्या जागी एक छोटं सर्किट, मीटरला वाटावं गाडी पळतेय. ब्रेक ऑइलच्या जागी साधा स्विच.

ड्रायव्हरची आई रोज दुपारी येऊन पायरीवर बसायची.

“आत या ना, आई. उन्हात कशाला बसता?”

“नको गं. इथेच बरी.” मग पदराने तोंड पुसत, “काही खात नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतो.”

“खाईल. जरा धीर धरा.”

“तू एवढं करतेस...” म्हातारीचं वाक्य नेहमी इथेच अडायचं.

शेजारच्या स्पेअरपार्टवाल्याला हे सगळं पटत नव्हतं. “वहिनी, घरचा माणूस दवाखान्यात, आणि तुम्ही वायरी खुपसत बसलाय. झालं ते झालं.”

“झालं काय, तेच तर बघतेय,” ती म्हणाली.

टेस्टर तयार झाला तेव्हा तोच आधी बघायला आला. तिने चावी फिरवली. काटे झोपेतून उठल्यासारखे हलले. वेगाचा काटा सरसर चढला.

“दुकानातल्या दुकानात ट्रक पळवलात की,” तो हसला.

तिने ब्रेकचा स्विच दाबला. लाल दिवा लागला. पुन्हा दाबला, पुन्हा लागला. तिने वायरी बदलल्या, बॅटरी बदलली, मीटर उन्हात तापवून पाहिला. दिवा इमानदारीत लागत राहिला. पायरीवरून म्हातारी टक लावून बघत होती.

संध्याकाळी वायरिंगवाली डबा घेऊन दवाखान्यात गेली. नवरा प्लास्टरमध्ये जखडलेला होता, पण नजर दारावर.

“काय झालं दिव्याचं?”

“लागतो. दर वेळी लागतो.”

“तेव्हा नव्हता लागला. लागला असता तर गाडी पुढे नेलीच नसती.”

“मी मानते रे. साहेब कसे मानतील?”

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, “केवढा खडखडत होता तो ट्रक. अजून कानात बसलाय.”

डबा उघडता उघडता तिचा हात थांबला. तिचा टेस्टर टेबलावर गपगुमान उभा होता. धावता ट्रक असा कधी उभा असतो?

दुसऱ्या दिवशी तिने पाण्याच्या पंपाची जुनी मोटर काढली, तिच्या दांड्याला एका बाजूला वजन बांधलं आणि ती फळीखाली घट्ट आवळली. ब्रेकचा स्विच दाबून अडकवला. दिवा लागला. मग मोटर सुरू केली. फळी थरथरायला लागली, टेबलावरचे पाने-स्क्रूड्रायव्हर नाचायला लागले. दिवा लागलेलाच होता. तिने वेग वाढवला.

दिवा विझला.

मोटर बंद केली, तसा दिवा पुन्हा लागला.

बघायला आलेल्या स्पेअरपार्टवाल्याचं हसू मावळलं. “परत करा बघू.”

तिने परत केलं. परत विझला.

भिंगाखाली कारण सापडलं. दिव्याच्या पायाशी डाखाला, म्हणजे जोड पक्का करणाऱ्या शिशाच्या थेंबाला, केसाएवढी चीर होती. कडा काळ्या पडलेल्या, म्हणजे चीर जुनी, अपघाताआधीची.

चौकशी अधिकारी कंपनीच्या मेकॅनिकला घेऊन आले. स्विच त्यांनी स्वतः दाबून धरला. मोटर सुरू झाली. दिवा विझला तेव्हा मेकॅनिकने वाकून स्विच नीट दाबलेला आहे ना ते पाहिलं.

“म्हणजे गाडी उभी असताना चांगला, आणि धावायला लागली की मेलेला,” साहेब म्हणाले. मेकॅनिकने मान डोलावली. “ड्रायव्हरवरचा ठपका काढावा, असंच लिहितो मी.”

म्हातारी त्या दिवशी पहिल्यांदा पायरी चढून आत आली. तिने वायरिंगवालीचे तेलकट हात धरले आणि सोडलेच नाहीत.

“आता जेवेल तो,” वायरिंगवाली म्हणाली.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा नवरा वाटच बघत होता. तिने नुसती मान हलवली. त्याला कळलं. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला.

तिने त्याची उशी नीट केली. “एक विचारू? पहिल्या दिवसापासून तू एवढा ठाम कसा होतास?”

“मी सायकलवरून मान वळवली, तेव्हा काचेमागे ड्रायव्हरचा चेहरा दिसला,” तो म्हणाला. “माझ्याआधी तोच ओरडला होता.”