न दिसणारा फॅक्टर

मी दौऱ्यावर गेलो की बायको गाणी म्हणते, फोनवर खळखळून हसते, ठेवणीतला निळा ड्रेस घालून गच्चीत बसते. शेजारच्या काकूंनी हे अगदी कौतुकाने सांगितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यासमोर तर ही कधी गुणगुणतसुद्धा नाही!

आम्ही नवरा-बायको दोघंही संख्याशास्त्र शिकवतो. म्हणून चहा पिताना मी हे सगळं एका मित्राच्या बायकोचं म्हणून तिच्यापुढे मांडलं.

"यात पीसीएच्या पद्धतीचा काही उपयोग नाही," मी म्हणालो. "ते जे दिसतंय त्याचंच आटोपशीर गाठोडं बांधून देणार. बाई खुशीत आहे, एवढंच कळणार. मला फॅक्टर अ‍ॅनालिसिस हवंय. या सगळ्याच्या मागे जो एकजण लपलाय ना, तो हुडकून काढायचाय."

"तुला की मित्राला?"

"मित्राला गं! सांग ना, कोण असेल तो मेला?"

तिने दोघांचे कप उचलले, विसळले, पालथे घातले.

 

"कुणीही नाही रे. नवरा घरात नसतो, एवढं एकच कारण पुरतं."