कमरपट्टा

"जायच्या आधी मला खाली उतरव," शलाका म्हणाली.

बॅग भरता भरता निनाद थांबला. उद्या तो मुलाकडे कॅनडाला निघणार होता, कायमचा. ती कशाबद्दल बोलतेय ते त्याला क्षणभर कळलंच नाही.

मग आठवलं. कॉलेजात असताना याच घराच्या गच्चीवर त्याने रचलेला फाशांचा खेळ रंगायचा. गोष्ट त्याने सांगायची, पराक्रम बाकीच्यांनी करायचे. शेवटच्या डावात शलाकाने जादूचा कमरपट्टा बांधून पेटत्या बुरुजावरून उडी घेतली होती. पट्टा तिला सुखरूप उतरवणार की वाटेतच दगा देणार, हे फासा ठरवणार होता. नेमके दिवे गेले. मग परीक्षा आल्या, नोकऱ्या, लग्नं. डाव पुन्हा मांडलाच गेला नाही.

"म्हणजे इतकी वर्षं तू हवेतच आहेस?"

"नाहीतर काय. पाय दुखायला लागलेत आता."

तो हसला. अर्ध्या रिकाम्या कपाटातून त्याने फासा शोधून काढला, मुठीत घोळवला. टाकणार, तेवढ्यात शलाकाने ती मूठ धरली.

"राहू दे," ती म्हणाली. "बरोबर घेऊन जा. परत येशील तेव्हा टाक. तोवर मी वरच थांबते."