गॅरेटचं आइस्क्रीम

वेंडेलनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला, तेव्हा चार वर्षांची टिली बूट घालून तयार होती. गाडीची किल्ली मात्र तिच्या आईच्या, लिडियाच्या मुठीत होती.

“आम्ही गॅरेटला आइस्क्रीम खायला चाललोय,” वेंडेल सुनेला म्हणाले.

नेब्रास्कात रूळ पडत होते त्या काळी रेल्वे कंपनीने छापलेला तो नकाशा. असे नकाशे त्यांनी जन्मभर जमवले होते. हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही, जवळ कॉफीचा कप आणायचा नाही, घडी तर घालायचीच नाही.

परवा ते पाव आणायला गेले आणि अंधार पडल्यावर परतले. विचारलं तर म्हणाले, रस्ते बदललेत.

“बाबा, गॅरेट नावाचं गाव कुठे आहे?”

“नाहीच आहे.” त्यांचं बोट रुळावरून सरकलं. “आल्मा, बेकर, क्लाइड, ड्रेक, एल्सी, फॉक्स. कंपनीने एबीसीडी लावून गावं वसवली. ‘जी’ अक्षर येईपर्यंत कंपनीचा खिसा रिकामा. मग गॅरेट नुसतं छापून टाकलं, जमिनी खपाव्यात म्हणून. लोक बायकापोरं घेऊन उतरले, तर पुढे गवत. कॉलेजात शिकवलं नाही वाटतं हे?”

लिडियाला हसू आलं. चेष्टा चालली होती तर. उगाच आपण काहीबाही मनात आणतो.

“मग जाताय कुठे?”

“फॉक्सला. पेट्रोल पंपाशेजारी. तुला काय वाटलं, म्हातारा गवत चारतोय नातीला?”

तिने मूठ उघडली.

वेंडेलनी टिलीला गाडीत बसवलं, पट्टा बांधला. मग ते पुन्हा आत आले आणि टेबलावरच्या नकाशाची घडी घालू लागले. जुन्या घडीवर कागद टरकन फाटला. ते थांबले नाहीत. नकाशा त्यांनी कोटाच्या खिशात कोंबला.

“बाबा, फॉक्सला तर सरळ रस्ता आहे.”

“जायला सरळच आहे गं,” ते म्हणाले. “पण परत यायला नको का?”

लिडिया त्यांच्या चेहऱ्यावर मघाची चेष्टा शोधत राहिली. तिने हात पुढे केला. किल्ली मागावी की नकाशा, तिला कळेना.